तुरुंगातले आजारी मन

भारतातल्या तुरुंगांत मनोरुग्ण किती आहेत? प्रश्न तसा सोपा वाटतो. तुरुंगात माणसांची मोजदाद रोज होते. संध्याकाळी बराकींना कुलूप लागते तेव्हा आणि सकाळी ते उघडते तेव्हा डोकी मोजली जातात, आणि एखादे डोके कमी भरले तर साऱ्या तुरुंगात धावपळ उडते. इतकी काटेकोर मोजणी असूनही आपल्या प्रश्नाला दोन अगदी वेगळी उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर सरकारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांपैकी सुमारे ९ हजारांची नोंद मनोरुग्ण म्हणून झाली होती. हे प्रमाण शेकडा १.६ पडते.

दुसरे उत्तर बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातले आहे. तेथील ५,०२४ कैद्यांची पाहणी निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेतल्या डॉक्टरांनी केली आणि २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यसने धरून शेकडा ७९.६ कैद्यांत मनोविकाराचे निदान करता येत होते. व्यसने बाजूला काढली तरी हे प्रमाण शेकडा २७.६ उरले.

कुठे १.६ आणि कुठे २७.६! यातला एक आकडा खोटा आहे असे मात्र नाही. पहिल्यात तुरुंगाच्या दप्तरात मनोरुग्ण म्हणून नाव चढलेलेच मोजले आहेत. दुसऱ्यात प्रत्येक कैद्याजवळ बसून त्याला प्रश्न विचारले आणि सौम्य विकारही धरले. तुलना न्याय्य व्हावी म्हणून आपण फक्त सर्वांत गंभीर विकार घेऊ. ज्यांत माणसाचे वास्तवाचे भान सुटते, नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे अशी ठाम समजूत होते, ते हे विकार. स्किझोफ्रेनिया हे त्यांतले ठळक उदाहरण. २४ देशांतल्या ३३ हजारांहून अधिक कैद्यांच्या पाहण्या एकत्र करून २०१२ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात अशा गंभीर विकारांचे प्रमाण पुरुष कैद्यांत शेकडा ३.६ आढळले. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते याहूनही जास्त होते. शेकडा ३.६ हाच दर आपल्याकडे लावला तरी संख्या २० हजारांच्या वर जाते. आपल्या दप्तरात मात्र सौम्य-गंभीर सगळे मिळून ९ हजार आहेत.

म्हणजे निदान निम्मे तरी गंभीर रुग्ण बराकीत आहेत आणि दप्तरात नाहीत. तुरुंगातला मनोविकार बहुधा शोधलाच जात नाही, म्हणून तो दिसत नाही. तो का शोधावा लागतो आणि शोधायचा कसा, हे आपण पाहू.

विकार तुरुंगात येतो कुठून?

याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग बाहेरून आत येणारा. उपचार न मिळालेला एखादा रुग्ण घर सोडून भटकतो, कोणाच्या आवारात शिरतो, हटकल्यावर अंगावर धावून जातो, आणि त्याला दवाखान्याऐवजी कोठडी मिळते. लायोनेल पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३९ साली युरोपातल्या १८ देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. जिथे मनोरुग्णालयांत खाटा जास्त तिथे तुरुंगात माणसे कमी, आणि जिथे खाटा कमी तिथे कैदी जास्त, असे त्याला आढळले. दोन गोष्टी एकत्र बदलतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच. पेनरोजच्या निष्कर्षावरही पुढे बराच वाद झाला. पण समाज ज्यांना रुग्णालयात जागा देत नाही, त्यांतल्या काहींना तो तुरुंगात जागा देतो, ही शंका त्याने कायमची मागे ठेवली. इथे एक गैरसमज टाळायला हवा. बहुसंख्य मनोरुग्ण आयुष्यात कधीही गुन्हा करत नाहीत.

दुसरा मार्ग व्यसनाचा. रोज भरपूर दारू पिणारा माणूस पकडला जातो आणि त्याची दारू त्या क्षणी बंद होते. दारू मेंदूची उत्तेजना दाबून ठेवते. वर्षानुवर्षे ती मिळत राहिली की मेंदू त्या दाबाला सरावतो. दाब एकाएकी निघाला की मेंदू दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा उसळतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांनी काही जणांचे भान जाते, अंगावर किडे चढताना दिसतात, आपण कुठे आहोत हे कळेनासे होते. पहारेकऱ्याला हे सोंग वाटते किंवा वेड वाटते. प्रत्यक्षात ही जिवावर बेतू शकणारी अवस्था असते, आणि योग्य औषधे व ब-१ जीवनसत्त्व वेळेवर दिले तर रुग्ण सहसा काही दिवसांत सावरतो. सोंग समजून कोपऱ्यात टाकून दिला तर तो दगावू शकतो.

तिसरा मार्ग तुरुंगाचा स्वतःचा. २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांत दर १०० जागांमागे १३१ माणसे होती. चारांतले तीन कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. पाच वर्षांची शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याला निदान दिवस मोजता येतात. कच्च्या कैद्याला पुढची तारीख तेवढी ठाऊक असते, आणि तीही पुढे ढकलली जाते. घरचे मुलाखतीला येतील का, वकील उभा राहील का, जामीन झालाच तर रक्कम कोण भरणार, या प्रश्नांना उत्तर नसते. अशा अनिश्चिततेत धडधाकट मनही खचते. तुरुंगातले पहिले काही दिवस या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. २०२२ साली भारतीय तुरुंगांत १५९ अनैसर्गिक मृत्यू झाले, त्यांतल्या ११९ आत्महत्या होत्या.

गप्प कैदी

बराकीत रात्रभर ओरडणारा कैदी सर्वांच्या लक्षात येतो. भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहणारा येत नाही. तो भांडत नाही, तक्रार करत नाही, नियम मोडत नाही. तुरुंगाच्या हिशेबी तो चांगला कैदी असतो. पण खोल नैराश्य आणि स्किझोफ्रेनियाचे काही प्रकार नेमके असेच गप्प असतात. मागच्या बाकावरच्या अगदी शांत मुलाकडे वर्षभर आपले लक्ष जात नाही, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

म्हणून विकार दिसण्याची वाट न पाहता तो विचारून शोधावा लागतो. कैदी दाखल होतो त्या दिवशी त्याचे वजन, जखमा, क्षयाची लक्षणे पाहतात. त्याच वेळी आणखी सहा-सात प्रश्न विचारता येतात. पूर्वी मनाच्या आजाराचे औषध चालू होते का? ते आता जवळ आहे का? शेवटची दारू कधी घेतली? झोप लागते का? इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात का? जगणे नकोसे वाटते का? हे विचारायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित परिचारक किंवा समाजसेवक पुरतो. उत्तरांवरून निदान होत नाही, तज्ज्ञाकडे कोणाला आधी पाठवायचे एवढे ठरते. चाळणीने दाणे वेगळे होतात, दळण पुढेच असते.

औषधांचा प्रश्नही इथेच सुटू शकतो. बाहेर नियमित गोळ्या घेणारा रुग्ण आत आल्यावर गोळ्या तुटतात. एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवला की पुन्हा तुटतात. सुटल्यावर हातात चिठ्ठी नसते, म्हणून तिसऱ्यांदा तुटतात. प्रत्येक खंडाने आजार उलटण्याचा संभव वाढतो.

कायद्याचे तीन प्रश्न

मनोरुग्ण आणि न्यायालय यांच्याविषयी बोलताना तीन प्रश्नांची सरमिसळ होते. ते वेगळे ठेवू.

पहिला प्रश्न: गुन्हा घडला त्या क्षणी आरोपीला आपण काय करतो हे कळत होते का? १८४३ साली लंडनमध्ये मॅकनॉटन नावाच्या माणसाने भ्रमाच्या भरात पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाला गोळी घातली. त्या खटल्यातून जे नियम निघाले, त्यांचाच गाभा भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

दुसरा प्रश्न: आज, खटला चालू असताना, आरोपी स्वतःचा बचाव करू शकतो का? नसेल तर खटला थांबवतात आणि त्याच्यावर उपचार करतात.

तिसरा प्रश्न: गुन्ह्याशी आणि खटल्याशी संबंध नसला, तरी तुरुंगात असताना माणूस आजारी पडला तर काय? हा निव्वळ उपचाराचा प्रश्न आहे. क्षय झालेल्या कैद्याला जसे औषध मिळाले पाहिजे, तसेच यालाही.

यातला दुसरा प्रश्न सर्वांत फसवा आहे. खटला थांबवण्याची तरतूद आरोपीच्या भल्यासाठी आहे. पण थांबलेला खटला पुन्हा सुरू कोणी करायचा, हे कोणी पाहिले नाही तर काय होते?

आसाममधल्या माचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली. मानसिक आजाराच्या कारणाने त्यांची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. १९६७ साली रुग्णालयाने ते बरे असल्याचे कळवले. मग त्यांना घरी पाठवायचे की न्यायालयात? त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात नेले, आणि तिथे ते राहिले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ साली एक रुपयाच्या वैयक्तिक जामिनावर ते सुटले. ५४ वर्षांत त्यांच्यावर खटला चाललाच नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई दिली, पण २००७ साली ते वारले. या गोष्टीत छळ करणारा खलनायक सापडत नाही. रुग्णालयाने कागद पाठवला, तुरुंगाने माणूस ठेवून घेतला, न्यायालयात धारिका पडून राहिली. विचारणारे मात्र कोणीच नव्हते.

काहींच्या नावावर तर आरोपही नसे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना सुरक्षिततेच्या नावाखाली तुरुंगात ठेवण्याची रीत काही राज्यांत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे असा निर्णय १९९३ साली मिळाला.

कागद आणि हात

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०३ नुसार आजारी कैद्याला तुरुंगाच्या दवाखान्यातल्या मनोविकार कक्षात ठेवायचे. तो नसेल तर मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवायचे. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात अशी संस्था उभारायची. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्याचे तर येरवड्यातच, मध्यवर्ती कारागृहाच्या परिसरात. याच कलमात आणखी एक अट आहे. तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत, असे प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मंडळाकडे पाठवायचे. हेतू असा की रुग्ण वेळीच हलवले जावेत. पण ज्याने रुग्ण शोधलेच नाहीत, त्यालाही हे प्रमाणपत्र लिहिणे सोपे जाते.

शोधायला हात लागतात. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर ५०० कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक सांगितला आहे. या हिशेबाने देशाला साडेअकराशे माणसे हवीत. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालानुसार सगळ्या तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अवघे २५ होते.

तज्ज्ञ एका वर्षात तयार होत नाहीत. तोवर एक उपाय कैद्यांमधूनच उभा राहू शकतो. वेल्समधल्या स्वॉन्सी तुरुंगात १९९१ साली समॅरिटन्स या संस्थेने काही कैद्यांना ऐकण्याचे प्रशिक्षण दिले. रात्री कोणाचे मन फार खचले तर तो यांच्यापाशी बोलू शकतो. पुढे ही पद्धत ब्रिटनमधल्या बहुतेक तुरुंगांत गेली. कैदी ऐकणारा असला तरी तो डॉक्टर होत नाही. पण गप्प पडलेला सोबती त्याला दिसतो, कारण तो त्याच बराकीत झोपतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

आठवी-नववीच्या मुलांना एक उदाहरण देता येईल. एका तुरुंगात १,००० जागा आहेत आणि शेकडा १३१ प्रमाणे कैदी आहेत. शेकडा ३.६ कैद्यांना गंभीर मनोविकार आहे. तर असे रुग्ण किती? दप्तरात नोंद शेकडा १.६ असेल, तर निदान किती रुग्ण नोंदीबाहेर राहिले? उत्तर ४७ आणि २६ येईल. मग मुलांना विचारावे, की या २६ जणांना शोधायचे तर कोणते प्रश्न, कोणी आणि कोणत्या दिवशी विचारले पाहिजेत? गणिताचा तास इथे संपेल आणि नागरिकशास्त्राचा सुरू होईल. चर्चेत एखादा मुलगा विचारेलच, की गुन्हेगारांची इतकी काळजी कशाला? त्याला आधी एवढेच सांगावे, की त्या १,३१० जणांपैकी सुमारे ९८० जणांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. आणि उरलेल्यांना न्यायालयाने कैदेची शिक्षा दिली आहे. आजार त्या शिक्षेत कुठेही लिहिलेला नाही.