श्वास की क्षय? – बुरशीजन्य फुप्फुसविकाराचे निदान

लोहारा (जि. यवतमाळ) परिसरात कापूस, धान्य व कडबा यांच्या धुळीशी अनेकांचा नित्य संबंध येतो. त्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू श्वासावाटे शरीरात जातात. बहुतेकांना त्यांचा उपद्रव होत नाही. परंतु तमकश्वासाच्या काही रुग्णांत त्यांची तीव्र ॲलर्जी होऊन कास, ज्वर, कृशता, क्वचित रक्तष्ठीवनही उद्भवते. हा व्याधी इंग्लंडमध्ये १९५२ साली प्रथम वर्णिला गेला. आपल्याकडे मात्र क्ष-किरण चित्रातील छाया पाहून पुष्कळदा राजयक्ष्म्याचे निदान होते; क्षयाची औषधे महिनोन्‌महिने चालतात आणि दरम्यान श्वासनलिका कायमच्या विस्फारतात.

जुना तमकश्वास, जागा बदलणाऱ्या छाया, कफात तपकिरी गुठळ्या व क्षयजंतूंचा अभाव आढळल्यास ॲस्परजिलस-विशिष्ट व एकूण आयजीई तपासून घ्यावे, असे आम्ही सुचवितो. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एकूण आयजीई ५०० एकक प्रति मि.लि. वा अधिक असणे अर्थपूर्ण होय. अशा रुग्णास छातीविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

तथापि कफाची सीबीनॅट तपासणी झाल्याविना क्षय नाकारू नये. चालू औषधे परस्पर थांबवू नयेत. औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीविना स्टेरॉइड देऊ नये. क्षय असल्यास ते घातक ठरते.