नागिणीचा विळखा पूर्ण होत नाही

पाठीच्या कण्यापासून बरगडीखालून पोटाकडे सरकत आलेली, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची पट्टी दिसली की घरात एकच धास्ती पसरते: नागीण आहे, दोन्ही टोकं जुळली तर माणूस दगावेल.

तसं होत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती खालावली की तो एखाद्या मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. डाव्या-उजव्या अंगाचे मज्जातंतू वेगळे, त्यामुळे फोड सहसा एकाच बाजूला राहतात. विळखा बसणार कसा? केमोथेरपी चालू असलेल्यांसारख्या, प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्या रुग्णांत मात्र फोड अंगभर पसरू शकतात. तिथे तडक रुग्णालय गाठावं.

मंत्राने किंवा गेरूच्या लेपाने नागीण उतरते, हा समज मला जास्त घातक वाटतो. फोड दोन ते चार आठवड्यांत बहुधा आपले आपणच भरून येतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत चांगला गुण येतो. खपल्या पडून गेल्यावरही काहींचा ठणका महिनोन्महिने राहतो, अंगातल्या सदऱ्याचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. म्हाताऱ्या माणसांना हे दुखणं अधिक छळतं.

नागिणीच्या रुग्णाकडून दुसऱ्याला नागीण लागत नाही. मात्र ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवावेत. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत तान्ह्या बाळाला घेऊ नये, गरोदर बाईच्या जवळ जाऊ नये. ताटवाटी वेगळी काढून आजीला कोपऱ्यात बसवण्याचं मात्र काहीच कारण नाही.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. दृष्टी जाण्याचा धोका असतो. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, तरीही थांबू नये.

एकदा झाली की पुन्हा होत नाही, हेही खरं नाही. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस आता भारतात मिळते. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं.