एकच गोष्ट बदलली तर? विज्ञानकथा निवडण्याची एक कसोटी

मुलांना कोणत्या विज्ञान कादंबऱ्या वाचायला द्याव्यात, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत हमखास निघतो. पुस्तकांची यादी देणे सोपे असते. पण यादी जुनी होते आणि शाळेच्या कपाटात त्यातले पुस्तक नेमके नसते. म्हणून यादीबरोबर एक कसोटीही द्यावी असे आम्हाला वाटते.

कसोटी साधी आहे. विज्ञानकथेचा लेखक आपल्या ओळखीच्या जगातली एखादी गोष्ट बदलतो. बाकीचे जग तो होते तसेच ठेवतो का? आणि केलेल्या बदलाचे परिणाम शेवटपर्यंत नेतो का? प्रयोगशाळेतही आम्ही हेच करत असतो. एक घटक बदलायचा, इतर घटक स्थिर ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे.

कर्जत आणि खालापूरच्या शिक्षकांना याचे उत्तम उदाहरण घराशेजारीच सापडेल. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा प्रसिद्ध आहे. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात आले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचे पारडे फिरले. कथेत ती गोळी कानाजवळून निसटून जाते. बदल एवढाच. मग इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका वेगळ्याच हिंदुस्थानात पुण्याहून मुंबईला निघतात. पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहीत. गाडी ४० मिनिटांत लोणावळ्याला पोचते. पुढचा घाट मात्र त्यांच्या ओळखीचाच आहे, आणि गाडी थोडा वेळ कर्जतला थांबते.

वर्गात इथेच थांबावे. फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘काय बदलले?’ आणि ‘काय बदलले नाही?’ पुणे ते लोणावळा हे रेल्वेचे अंतर ६४ किलोमीटर आहे. म्हणजे त्या गाडीचा सरासरी वेग ताशी ९६ किलोमीटर होतो. हा आकडा मुलांनीच काढावा. दुसऱ्या रकान्यात घाट येईल. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. पानिपतावर कोण जिंकले याचे त्याला सोयरसुतक नाही.

पण एखादी चौकस मुलगी विचारील, ‘डोंगर तोच असेल, पण रेल्वे तर इंग्रजांनी बांधली ना?’ प्रश्न रास्त आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि तो इंग्रजी कंपनीनेच बांधला होता. मात्र घाट चढताना गाडीपुढची अडचण राज्य कोणाचे यावर अवलंबून नसते. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मर्यादित असते. म्हणूनच इथे चढ ३७ मीटरला एक मीटर एवढा ठेवला आहे, आणि तरीही पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. पेशव्यांच्या अभियंत्यालाही जवळपास असाच मार्ग शोधावा लागला असता. कथेत न लिहिलेली ही गोष्ट मुले स्वतः शोधून काढतात. ज्या कथेत अशा शोधाला जागा असते, ती वाचायला द्यावी.

नारळीकरांच्या कादंबऱ्यांतही हाच गुण दिसतो. परग्रहावरून आलेले मूल पृथ्वीवर वाढले तर, हा ‘प्रेषित’चा विषय आहे. माणसाच्या बरोबरीने विचार करणारा यंत्रमानव हाती आला तर काय, हे ‘वामन परत न आला’मध्ये वाचावे.

कसोटीला न उतरणारी पुस्तके टाकून द्यावीत असे मात्र नाही. ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये तोफेतून माणसे चंद्राकडे धाडली. भा. रा. भागवतांनी ती कथा ‘चंद्रावर स्वारी’ म्हणून मराठीत आणली. तोफेची लांबी सुमारे पावणेतीनशे मीटर आणि वेग सेकंदाला ११ किलोमीटर धरला, तर प्रवाशांना बसणारे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक येते. त्यात कोणीही जिवंत राहणार नाही. एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस (१८९७) पूर्ण पारदर्शक झाला, तर तो आंधळाच व्हायला हवा. कारण दृष्टिपटलाने प्रकाश शोषल्याशिवाय दिसत नाही. अशा चुका पकडताना मुलांना पाठ्यपुस्तकातली सूत्रे पहिल्यांदा उपयोगी वाटतात.

अद्भुतकथांनी अंधश्रद्धा वाढेल, अशी शंका काही शिक्षक घेतात. आमच्या मते इथेही तीच कसोटी लावावी. चांगल्या अद्भुतकथेत जादूलाही नियम असतात. मराठीत आलेल्या हॅरी पॉटरच्या जगात शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही. असलेले अन्न वाढवता येते. लेखक आपले नियम उघड सांगतो आणि पाळतो. भोंदू माणूस नियम सांगत नाही, आणि फसला की नवे कारण पुढे करतो. हा फरक ज्या मुलाला कळला, तो सहजासहजी फसणार नाही.

शेवटी मुलांनाच लिहायला सांगावे. खोपोलीच्या वीजघरात १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या पाण्याने वीज होते. गुरुत्वाकर्षण निम्मे झाले तर? प्रत्येक लिटर पाण्यापासून निम्मीच ऊर्जा मिळेल. मग गाडीला घाट सोपा होईल का? मागे खेचणारे बल निम्मे होईल, पण चाकांची पकडही निम्मी होईल. चढाची मर्यादा तीच राहील! वर्गात यावर चांगला वाद होतो.

या भागात असा विचार करण्याची गरज करमणुकीपलीकडची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. डोंगराचा उतार तोच, माती तीच. पाऊस मात्र दोन दिवस अधिक पडला तर? विज्ञानकथेचा हा प्रश्न आपत्ती निवारणाचाही पहिला प्रश्न आहे. ज्या मुलांनी आपली माणसे गमावली, त्यांच्यावर हा विषय लादू नये. इतरांना मात्र तो जरूर द्यावा. ‘असे झाले तर?’ हे आधी विचारायची सवय ज्या गावाला असते, ते गाव वेळेवर घर सोडू शकते.