अर्जातला निबंध : विषयावर लिहायचा की स्वतःवर?

आज जरा वेगळ्याच गोष्टीवर बोलायचं आहे.

आपल्याकडे बारावीनंतरचा प्रवेश म्हणजे मार्क. डॉक्टरकीला नीट, इंजिनिअरिंगला सीईटी, आणि बीए-बीकॉमला जवळच्या कॉलेजात निकाल नि दाखला घेऊन गेलं की झालं. निबंध कोणी मागत नाही. म्हणून रावेरकडच्या एका गटातल्या ताईंनी विचारलं तेव्हा आम्हीही आधी गडबडलो. त्यांच्या मुलीला हरियाणातल्या सोनिपतच्या अशोका विद्यापीठाचा अर्ज भरायचा होता. फी आपल्या आवाक्याबाहेरची, पण घरचं उत्पन्न पाहून तिथे मदत मिळते. त्या अर्जात निबंध लिहायचे असतात. मुलीला अर्थशास्त्र शिकायचंय. मग निबंध अर्थशास्त्रावर लिहायचा का?

तिने लिहिलेला पहिला खर्डा आम्ही वाचला. ‘अर्थशास्त्र हा देशाच्या प्रगतीचा कणा आहे,’ अशी सुरुवात. पुढे बेरोजगारी, महागाई. भाषा शुद्ध, चूक एकही नाही. पण ही मुलगी रावेरची की रायपूरची, काही कळेना. तपासणाऱ्यांकडे असे कितीतरी कणे येत असणार!

मग तिची आई सहज बोलून गेली, “वहीत केळीचे भाव लिहिते ती, चार वर्षं झाली.” आम्ही वही मागवली. दर कापणीला तीन रकाने : जाहीर झालेला भाव, व्यापाऱ्याने प्रत्यक्ष दिलेला भाव, आणि दोन्हींतला फरक. मृगबाग नि कांदेबाग वेगवेगळ्या पानांवर. एका ठिकाणी पेन्सिलने लिहिलेलं, ‘माल चांगला असून कमी का?’ मैत्रिणींनो, निबंध त्या पेन्सिलच्या ओळीत होता. तिला मात्र वाटत होतं, घरची वही कोणी कॉलेजात दाखवतं का?

तेव्हा आमचं म्हणणं असं : विषय आणि मुलगी जिथे खरंच भेटलेत, तिथे विषयावर बेलाशक लिहावं. पण विषयाची थोरवी सांगत बसू नये. ती त्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

असा अर्ज मराठी बाईने फार पूर्वी केलेला आहे. 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजाला पत्र लिहिलं. वैद्यकशास्त्र किती महान, हे त्यात नाही. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असा त्या पत्राचा गाभा. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसू असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. त्यांचं स्वतःचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या.

मात्र आनंदीबाईंना एकच विषय शिकायचा होता. आता अर्ज कुठे करतोय ते आधी पाहावं लागतं. इंग्लंडमध्ये पदवीला अर्ज करताना विषय आधीच ठरवावा लागतो, तिथे लिहिणं विषयाबद्दलच हवं. एमएसाठी परदेशी जायचं असेल तरी तसंच. अशोकामध्ये उलट आहे : मुलं आधी वेगवेगळे विषय शिकतात आणि मुख्य विषय नंतर निवडतात. अमेरिकेतही बऱ्याच कॉलेजांत तसंच चालतं. तिथल्या सामायिक अर्जात 650 शब्दांपर्यंतचा एक निबंध असतो, तो स्वतःबद्दल. ‘हाच विषय का?’ असा प्रश्न बरीच कॉलेजं वेगळा विचारतात. मग दोन्हीकडे एकच गोष्ट सांगून जागा वाया का घालवायची? वहीची गोष्ट एकीकडे, दुसरीकडे दुसरं काही : धाकट्या भावाला गणित शिकवणं, शाळेच्या एसटीसाठी केलेली खटपट, आजीसोबत दवाखान्याच्या फेऱ्या.

आणि एखादीला तारे-ग्रह शिकायचेत, पण शाळेत दुर्बीण कधी पाहिलीच नाही? तिने ओढूनताणून ताऱ्यांवर लिहू नये. खरं केलेलं काम लिहावं, शेवटी दोन ओळींत इच्छा सांगावी. विषय अजून पक्का नसेल तरी बिघडत नाही.

दुकानातून पैसे देऊन निबंध लिहून आणणाऱ्या मुली आम्हाला माहीत आहेत. अशोकामध्ये समोर बसूनही एक निबंध लिहावा लागतो आणि मुलाखत होते. उसन्या कागदाचं तिथे काय होणार? गरिबीचं रडगाणंही नको. दुष्काळ, कर्ज घरात असेल तर जरूर यावं, पण त्यात मुलीने काय केलं तेही यावं.

आता आयांचं काम. ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं,’ असं म्हणू नका. मुलगी काय करते, कशात रमते, कशावर भांडते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? खर्डा तयार झाला की तिला तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. इंग्रजीत लिहिला असेल तर अर्थ सांगू दे. ऐकताना जिथे वाटेल की ही काही आपली पोर बोलत नाही, तिथे तिला पेन्सिलने खूण करायला लावा. रावेरच्या ताईंनी तशा अकरा खुणा करायला लावल्या. दुसऱ्या खर्ड्यात कणा गेला, वही आली.