‘स्वयंसेविका’ या शब्दाचे ओझे

कामाचा ताण म्हटला की कचेरीतल्या फायली नाहीतर कारखान्यातल्या पाळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. गावातल्या आशाताईचा ताण या मापात बसत नाही. तिला कचेरी नाही आणि पाळीही नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली ही योजना आणली, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावची रहिवासी आणि शक्यतो विवाहित, विधवा वा परित्यक्ता स्त्री असावी, असे ठरविण्यात आले. अट विचारपूर्वक घातलेली होती. लग्न होऊन जाणारी लेक नको, गावात टिकणारी सून हवी! परंतु सुनेला सासर असते, भावकी असते, याचा हिशेब परिपत्रकात कोठून असणार?

मध्यरात्री बाळंतीण अडली की हिचेच दार वाजते. गाडी मिळवायची, सोबत जायचे, रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढायची. आणि सकाळी घरी परतल्यावर विचारपूस होते ती स्वयंपाकाची. बाळ दगावलेच, तर डॉक्टर तालुक्याला असतात. त्या आईची गाठ रोज पाणवठ्यावर पडते ती हिच्याशी. गावची म्हणून तिच्यावर विश्वास, आणि गावची म्हणूनच तिला सुटका नाही. २०२० साली करोनाच्या साथीत शहरांतून परतलेल्यांची नोंद तिनेच करावयाची होती. शेजाऱ्यांचा रोष ओढवला तोही तिच्यावरच. कोठे कोठे तर अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल गेली.

आणि मोबदला? नवजात बालकाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यावयाच्या, त्या सगळ्या पुऱ्या झाल्या म्हणजे अडीचशे रुपये, असा दर २०११ साली ठरला. पगार नव्हे, ‘प्रोत्साहन’. कारण ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका! ही युक्ती जुनीच आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये जनता राजवटीने गावोगावी आरोग्यसेवक नेमले, त्यांचे मानधन महिना पन्नास रुपये होते. त्यांत पुरुषांचाच भरणा अधिक. पुढे त्यांना ‘आरोग्य मार्गदर्शक’ म्हटले गेले. नाव बदलले, नोकरीचा प्रश्न तेथेच राहिला.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांवर आशांचा गौरव केला. २०२४ च्या प्रारंभी महाराष्ट्रातील आशांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले, तेव्हा कोठे मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीचा शासननिर्णय निघाला.

अशा बायांसाठी कोणी ताण-निवारणाची शिबिरे सुचवितात, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम, आजारपणात बदली बाई, आणि बाळंतिणीसोबत आलेल्या आशेला रुग्णालयात रात्री पाठ टेकावयास एक खोली, एवढे तरी आधी व्हावे. शेवटच्या गोष्टीला तर मुंबईहून मंजुरी येण्याचीही गरज नाही. रुग्णालयाच्या प्रमुखांनी एक किल्ली दिली तरी पुरे.