परतीचा अर्ज

‘‘होगली बिडु, मनीगे बा.’’ गोकाकच्या अज्जीने फोनवर नातवाला सांगितले आणि आमच्या घरी सगळ्यांनाच हायसे वाटले. माझा भाचा इंदूरला हॉस्टेलवर राहून शिकत होता. कावीळ झाली, हजेरी भरली नाही, पुढे विषय राहिले आणि शेवटी कॉलेजने नाव कमी केले. फीची सवलतही त्याबरोबर गेली. मुलगा सुखरूप घरी येतोय, एवढेच तेव्हा पुष्कळ वाटले.

सामान आणायला त्याच्याबरोबर मी गेले. ऑफिसातल्या कारकुनाने दाखला देण्याआधी सहज विचारले, ‘‘पुनर्प्रवेशाचा अर्ज दिलाय का?’’ दिला नव्हता. असा अर्ज असतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. मुदत संपायला चार दिवस होते आणि मधे रविवार.

त्या रविवारी आम्ही महूला गेलो. इंदूरहून तासाभराचा रस्ता. १४ एप्रिल १८९१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म याच छावणीत झाला. स्मारकात बसल्यावर मला त्यांच्या शिक्षणातली एक गोष्ट आठवली. १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. त्यांना कोणी नापास केले नव्हते, पैसा संपला होता. पण निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोही त्यांनी सुधारून दिला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मावशी, सोमवारी अर्ज देऊया.’’

अर्जात रडगाणे नव्हते. आजाराची तारीखवार हकिगत, डॉक्टरांचा दाखला, राहिलेले विषय आणि ते कोणत्या सत्रात सोडवणार याचा तक्ता. प्रवेश मिळाला, पण सवलत नाही. एक सत्र स्वतःच्या पैशाने शिकायचे, सगळे विषय सुटले तर विचार करू, असे उत्तर आले. त्या सत्राच्या फीसाठी अज्जीने पाटली गहाण ठेवली. ‘होगली बिडु’ म्हणणारी तीच अज्जी! विषय सुटले. पुढच्या सत्रात पुन्हा अर्ज केला, तेव्हा सवलत परत सुरू झाली. ती आपोआप झाली नाही, मागावी लागली.

आपली मुले धारवाड, पुणे, बेंगळुरूला शिकतात. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, मेसचे जेवण विचारतो. शिष्यवृत्ती कशाने बंद पडते, हे विचारत नाही. बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीलाच दरवर्षी नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. प्रत्येक योजनेचा नियम निराळा. तो पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. मूल आजारी पडले तर त्याच आठवड्यात कॉलेजला लेखी कळवावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आणि वर्ष गेलेच, तर दाखला काढण्याआधी परत येण्याची वाट विचारून घ्यावी. एकदा दाखला हातात पडला की तीच वाट लांबची होते.

पाटली सुटली आहे. अज्जी ती आता नातसुनेसाठी ठेवणार म्हणते. भाचा म्हणतो, आधी शेवटचे सत्र होऊ दे.