इंजिन बदललें, पण पॉवर स्टिअरिंगचें काय?

मुरबाडकडील भाजीपाला पहाटेच्या आंत कल्याणच्या बाजार समितींत पोंचवावयाचा, म्हणजे शहाडच्या पुलावरील खोळंबा आणि बाजाराच्या दाराशीं दहा वेळां पुढेंमागें घ्यावी लागणारी गाडी हीं ओघानेंच आलीं. अशा कामांत ज्याचा हात स्टिअरिंगवर असतो, त्यासच हलक्या स्टिअरिंगची किंमत कळते. ती चैन नव्हे, हें आम्ही स्वानुभवानें शिकलों. तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या जुन्या डिझेल जीपचें इंजिन थकलें, तेव्हां आम्हीं दुसऱ्या जातीचें, वापरलेलें पण चांगलें इंजिन तींत बसवून घेतलें. इंजिन उत्तम चाललें. परंतु स्टिअरिंगचा पंप नव्या इंजिनावर बसेना, म्हणून मिस्त्रीनें तो काढूनच ठेवला. "सवय होईल," असें तो म्हणाला. सवय झाली नाहीं. खांदे मात्र दुखूं लागले. पुढें एके दिवशीं पावसांत माळशेज घाटाच्या वळणावर माल भरलेली गाडी पुरती वळेना आणि कठड्याकडे सरकली. केवळ दैव बलवत्तर म्हणून आम्ही सुखरूप घरीं आलों. दुसऱ्याच दिवशीं काम हातीं घेतलें.

गाडी एकीची व इंजिन दुसरीचें, ही गोष्ट आपल्या भागास नवी नाहीं. डोंबिवलीनजीक एके काळीं जिचा कारखाना होता, त्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीनें १९८५ सालीं फियाट १२४ च्या धर्तीच्या गाडीस निस्सानचें इंजिन बसवून '११८ एनई' ही मोटार काढली. कारखान्यांत असा मेळ घालतांना इंजिनाशीं निगडित अशा प्रत्येक अंगाचा विचार अगोदर होतो. गॅरेजांत तो पुष्कळदां राहून जातो, आणि राहिलेल्या अंगांत पॉवर स्टिअरिंग असतेंच.

याचें कारण त्याच्या रचनेंत आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलास दाब देतो; चालकानें चक्र वळवितांच पेटींतील झडप तें तेल योग्य बाजूस सोडते आणि चाकें वळविण्यास जोर मिळतो. अमेरिकेंत फ्रान्सिस डेव्हिस यांनीं १९२६ सालीं ही योजना मोटारींत चालवून दाखविली. क्रायस्लर कंपनीनें ती १९५१ सालीं विक्रीच्या गाड्यांत आणली. म्हणजे पेटी गाडीची, पण पंप इंजिनाचा. पंप गेला कीं तीच पेटी साध्या स्टिअरिंगहूनहि जड होते, कारण तिची घडण मदतीच्या भरंवशावर केलेली असते.

उपाय दोन. नव्या इंजिनाचा मूळचा पंप मिळत असेल तर तोच बसवून त्याच्या नळ्या जुन्या पेटीस जोडाव्या. नाहींतर जुन्या पंपासाठीं भक्कम ब्रॅकेट करून घ्यावें. आम्हीं पहिला मार्ग धरला. पंपाचा दाब व तेलाचा ओघ पेटीस मानवेल असा आहे ना, हें प्रथम पाहावें. दोन्ही कप्प्या एका सरळ रेषेंत असाव्या. तसूभर तिरपेपणानेंहि पट्टा ओरडतो व निसटतो. दाबाच्या नळीस साधी रबरी नळी कदापि लावूं नये, कारण तेथें दाब चौरस इंचास हजार पौंडांच्याहि वर जातो. ट्रॅक्टर व खोदयंत्रांच्या नळ्या जेथें यंत्रावर दाबून मिळतात, तेथून दोन्ही टोंकांच्या आट्यांप्रमाणें, तेल व उष्णता सोसणारी नळी करून आणावी. गळती हातानें चाचपूं नये. दाबाखालचें तेल कातडींत शिरतें.

मग जुनें तेल काढून पेटीस सांगितलेलेंच तेल भरावें. ब्रेकचें तेल चुकूनहि नको, त्यानें रबराचीं सीलें नासतात. पुढचीं चाकें उचलून गाडी मजबूत घोड्यांवर टेकवावी. इंजिन बंद ठेवून चक्र या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पंधरावीस वेळां सावकाश फिरवावें आणि टाकींतील तेल उतरेल तसतसें भरीत राहावें. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करून हीच क्रिया पुन्हां करावी. तेल फेसाळ दिसलें किंवा पंप कण्हूं लागला, तर आंत हवा राहिली असें समजावें. चक्र टोंकाशीं पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. पंप तापून बिघडतो.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें इंजिनाच्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयांत होणें अवश्य आहे. ठाणें व कल्याण येथें हीं कार्यालयें आहेत. इंजिन विकत घेण्यापूर्वीच तेथें मंजुरीविषयीं विचारावें.

आज आमची जीप बाजाराच्या दाराशीं एका हातानें वळते. परंतु हें सर्व काम इंजिन बसवितांनाच झालें असतें, तर दुप्पट मजुरी व घाटांतील तो प्रसंग दोन्ही टळलीं असतीं. यास्तव शेतकरी बंधूंस आमची विनंति एवढीच: बैल घेतांना जसा आपण त्याचा खांदाहि पाहतों, तसें इंजिन घेतांना त्याचा स्टिअरिंगचा पंप अगोदर पाहावा, आणि सौदा पंपासह करावा.